सोनं न मिळालेल्यांचं गाव : डॉसन सिटी, १८९६ ते १८९९

१८९६ च्या ऑगस्टअखेरीस कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या खोऱ्यातला जो तो पाटी-फावडं घेऊन एका ओढ्याकडे पळत सुटला होता. जोसेफ लड्यूचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. ओढ्यात सोनं सापडलंय हे त्याच्याही कानावर आलं होतं, आणि बातमी खरी असल्याची त्याला खात्री होती. तरी त्यानं धाव घेतली ती नद्यांच्या संगमावर. क्लोंडाइक जिथे युकॉनला मिळते तिथली दलदलीची १६० एकर जमीन त्यानं आखून घेतली आणि ती आपल्या नावावर व्हावी म्हणून सरकारी ठाण्याकडे अर्ज धाडला.

ही जमीन त्याआधी कुणाला फुकट दिली असती तरी त्यानं हात जोडले असते. वर शेवाळ आणि चिखल, खाली बारमाही गोठलेली माती. उन्हाळ्यात डासांचे थवे, हिवाळ्यात पारा उणे चाळीसच्या खाली. तिच्यात दोनच गुण होते. एक म्हणजे ती सपाट होती, आणि दुसरा म्हणजे युकॉनमधून येणारी आगबोट थेट काठाला लागू शकत होती. सोन्याचा ओढा तिथून पंधराएक किलोमीटर आत. पण ओढ्यात आगबोट जात नाही. माणूस, पीठ, खिळे, दारू, जे काही यायचं ते संगमावरच उतरणार. लड्यूनं एवढाच हिशेब मांडला.

दोन वर्षांनी त्या दलदलीत आणि तिच्या आसपास तीसएक हजार माणसं राहत होती. गावाचं नाव डॉसन सिटी. आणखी एका वर्षानं त्यातले बहुतेक निघूनही गेले होते. ‘गोल्ड रश’ म्हटलं की डोळ्यापुढे खाणकामगार येतो, म्हणून आपण समजतो की अशी गावं खाणकामगार वसवतात. डॉसनचे कागद चाळले की वेगळंच दिसतं. या गावाची भरभराट झाली ती ज्यांना सोनं मिळालं नाही, मिळणं शक्यही नव्हतं, अशांच्या जोरावर.

शोध, आणि तो कुणाच्या नावावर लागला

लड्यू मूळचा न्यूयॉर्क राज्यातला. १८८२ पासून तो युकॉनमध्ये होता. स्वतः खणून हाती फार लागलं नाही, तेव्हा तो दुकानदारीकडे वळला. सिक्स्टीमाइलजवळ त्याचं ठाणं आणि लाकूड कापायची गिरणी होती. भागीदार आर्थर हार्पर. नव्यानं आलेल्या कफल्लकांना उधारीवर शिधा द्यायचा आणि ‘त्या बाजूला बघा, तिकडे नक्की आहे’ असं सांगून वाटेला लावायचं, हा त्याचा धंदा. रॉबर्ट हेंडरसन नावाच्या नोव्हा स्कॉशियाच्या माणसालाही त्यानं असाच शिधा देऊन डोंगरात पाठवलं. हेंडरसनला थोडंफार सोनं मिळालं. १८९६ च्या उन्हाळ्यात त्याची गाठ जॉर्ज कार्मॅकशी पडली. कार्मॅक अमेरिकी, त्याची बायको केट टॅगिश समाजातली, आणि सोबत तिचा भाऊ केइश (त्याला सगळे स्कूकम जिम म्हणत) आणि भाचा चार्ली. हेंडरसननं कार्मॅकला बोलावणं दिलं, पण या मूळनिवासी मंडळींना ओढ्यावर जागा देणार नाही असं त्यांच्या तोंडावर सांगितलं.

हे एक वाक्य त्याला आयुष्यभर पुरलं. १६ ऑगस्टच्या सुमाराला या चौकडीला रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात घबाड सापडलं आणि हेंडरसनला कळवायला कुणी गेलं नाही. डोंगरापलीकडे तो खणत राहिला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा ओढ्याच्या चांगल्या जागा संपल्या होत्या आणि ओढ्याचं नाव बदलून ‘बोनान्झा’ झालं होतं.

सोनं आधी कुणाला दिसलं यावर कार्मॅकचं म्हणणं एक आणि जिमच्या नातलगांचं दुसरं. टॅगिश घराण्यात सांगतात की ते जिमला दिसलं. कागदावर मात्र शोधकर्ता म्हणून कार्मॅकच लागला, कारण मूळनिवासी माणसाच्या नावानं शोधाचा क्लेम सरकारदरबारी टिकणार नाही असं धरून चालले होते. शोधकर्त्याला दोन क्लेम, बाकीच्यांना एकेक. क्लेम म्हणजे खणायचा हक्क मिळालेला जमिनीचा तुकडा, ओढ्याच्या लांबीनं ५०० फूट. नोंदणी करायला खाली फोर्टीमाइलला जावं लागे. तिथे नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांचं ठाणं होतं आणि इन्स्पेक्टर चार्ल्स कॉन्स्टंटाइन वीस माणसांनिशी राज्य चालवत होते. कार्मॅकनं फोर्टीमाइलच्या दारूच्या अड्ड्यात बातमी फोडली आणि दोन-चार दिवसांत ते गाव ओस पडलं. महिनाअखेर बोनान्झाला मिळणाऱ्या एका छोट्या ओढ्यात त्याहून जास्त सोनं निघालं. त्याचं नाव ‘एल्डोराडो’. खोऱ्यात आधीच असलेल्या काही शे माणसांनी दोन्ही ओढे आखून टाकले. बाहेरच्या जगाला अजून पत्ताही नव्हता.

तोवर लड्यूनं सिक्स्टीमाइलची गिरणी उचलून संगमावर आणली.

मोजणीदार

जानेवारी १८९७ मध्ये सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी कडाक्याच्या थंडीत गावाची आखणी केली. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, नदीकाठानं फ्रंट स्ट्रीट. गावाला नाव दिलं ते जॉर्ज मर्सर डॉसन यांचं. दहा वर्षांपूर्वी या भागाची भूगर्भीय पाहणी करणारे हे शास्त्रज्ञ आता कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे संचालक होते.

या सगळ्या कथेत ओगिल्वींना मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही असं मला वाटतं. ओढ्यावरचे क्लेम लोकांनी घाईत, दोरानं किंवा नुसत्या पावलांनी मोजले होते. कुणाचा ४८० फूट, कुणाचा ५६० फूट. एकमेकांच्या हद्दीत खुणेच्या काठ्या. डोकी फुटायला एवढं पुरे असतं. लोकांनीच अर्ज केला आणि ओगिल्वींनी साखळी घेऊन ओढा पुन्हा मोजला. जास्तीचे तुकडे मोकळे झाले. त्यांची साखळी धरणारा गडी होता डिक लो. बोनान्झावर, शोधाच्या क्लेमपासून वरच्या अंगाला, ८६ फुटांची एक चिंधी उरली. लोनं ती नाइलाजानं आपल्या नावावर केली, विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना, शेवटी खणली, आणि तिच्यातून सुमारे पाच लाख डॉलरचं सोनं निघालं. ओगिल्वी स्वतः सरकारी नोकर, त्यांनी एक फूटही घेतला नाही.

हिवाळ्यातली श्रीमंती

डॉसन कसं वाढलं हे कळायला तिथलं खाणकाम आधी समजून घ्यावं लागतं.

क्लोंडाइकचं सोनं बहुतांशी वर पडलेलं नव्हतं. ते जमिनीखाली पाच-सात मीटर, कधी त्याहून खोल, मूळ खडकाला टेकलेल्या वाळूत होतं, आणि वरची माती दगडासारखी गोठलेली. कुदळ लागू पडत नसे. मग रात्री जाळ करायचा, सकाळी त्याखाली वितळलेला चिखल खरवडून बादलीनं वर ओढायचा, पुन्हा जाळ. एका जाळात फार तर फूटभर खोली. हे काम हिवाळ्यातच सोयीचं, कारण थंडीत विहिरीच्या भिंती गोठलेल्या राहतात, ढासळत नाहीत. उपसलेल्या मातीचा ढीग वसंतापर्यंत तसाच. बर्फ वितळून ओढ्याला पाणी आलं की लाकडी पन्हळीतून माती धुवायची. तेव्हा कुठे कळायचं, आपण श्रीमंत झालो की नाही.

म्हणजे ऑक्टोबर ते मे सगळा कारभार अंदाजावर. कुणाच्या ढिगात किती हे कुणालाच ठाऊक नाही, आणि खायला तर रोज लागतं. मग उधारी, गहाण, आणि वाट्यानं शेत कसायला द्यावं तशी वाट्यानं खाण खणायला देणं. नोव्हा स्कॉशियाचा धिप्पाड, अडखळत बोलणारा अलेक्स मॅकडोनाल्ड यात मुरला. एल्डोराडोवरच्या ३० नंबर क्लेमचा अर्धा हिस्सा त्यानं एक पोतं पीठ आणि डुकराच्या मांसाच्या एका फाळक्याच्या बदल्यात घेतला. स्वतः खणला नाही, वाट्यानं दिला. आलेल्या पैशातून पुढचा क्लेम, त्याच्यातून त्यापुढचा. लोक त्याला क्लोंडाइकचा राजा म्हणू लागले. शेजारच्या २९ नंबरची गोष्ट तर सगळ्या खोऱ्यात गाजली. चार्ली अँडरसन नावाच्या स्वीडिश माणसाला दारूच्या नशेत तो ८०० डॉलरला गळ्यात मारला गेला. शुद्धीवर आल्यावर पैसे परत मिळावेत म्हणून तो पोलिसांकडे गेला. त्यांनी सांगितलं, सही तुझी आहे, आम्ही काय करणार? पुढे त्या क्लेमनं त्याला लखपती केलं.

आता लाकडाकडे बघा. विहिरीतला जाळ लाकडाचा. माती धुवायची पन्हळ फळ्यांची. गावातलं घर, दुकान, पदपथ, होडी, शवपेटी, सगळं लाकडाचं. आसपासचे डोंगर बघता बघता बोडके झाले. खोऱ्यातली गिरणी लड्यूची. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाला तो प्लॉट विकत होता, वर त्या प्लॉटवर बांधायच्या फळ्याही. सुरुवातीला थोडक्या डॉलरांत जाणारे प्लॉट वर्षभरात शेकड्यांत गेले आणि १८९८ मध्ये फ्रंट स्ट्रीटवरच्या मोक्याच्या जागांना हजारो डॉलर मोजावे लागत.

अकरा महिन्यांनी पोचलेली बातमी

ऑक्टोबरमध्ये नदी गोठली की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. त्यामुळे ऑगस्ट १८९६ चा शोध जगाला कळला तो जुलै १८९७ मध्ये, दोन बोटींनी सोनं आणलं तेव्हा. ‘एक्सेल्सियर’ सॅन फ्रान्सिस्कोला लागली, आणि १७ जुलैला ‘पोर्टलँड’ सिएटलला. जीर्ण कपड्यातली माणसं सुटकेस, डबे आणि घोंगड्यांत सोनं बांधून उतरली. ‘टनभर सोनं’ अशी सिएटलच्या वर्तमानपत्रानं हाकाटी केली. प्रत्यक्षात ते त्याहून जास्त होतं. १८९३ पासून अमेरिकेत बँका बुडालेल्या, कारखाने बंद, लोक बेकार. अशा वेळी ही बातमी आली. सिएटलच्या महापौरांनीही राजीनामा देऊन उत्तरेची वाट धरली. एकूण लाखभर माणसं निघाली असावीत, पोचली तीस-चाळीस हजार.

यातली खरी चेष्टा अशी की बातमी फुटली त्या दिवशीच मोक्याचे ओढे भरलेले होते. वरातीमागून घोडं म्हणतात तसे हे सगळे निघाले.

त्यांचा प्रवास इथे विस्तारानं सांगत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एवढंच सांगतो की अलास्कातून कॅनडात उतरणाऱ्या चिलकूट खिंडीच्या माथ्यावर पोलिसांनी चौकी बसवली आणि वर्षभराचा शिधा सोबत नसेल त्याला कॅनडात पाऊल टाकू दिलं नाही. सामानासकट ते ओझं टनाच्या घरात जाई. पाठीवर एका वेळी किती नेणार? एकेकानं त्याच बर्फाच्या पायऱ्या तीस-तीस वेळा चढल्या. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी मेली. ३ एप्रिल १८९८ ला चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून जास्त माणसं गाडली गेली. वाचलेले बेनेट सरोवराकाठी होड्या बांधत बसले. २९ मे रोजी बर्फ फुटला आणि सात हजारांहून जास्त होड्या एकदम डॉसनच्या दिशेनं निघाल्या.

उपासमार ते जुना बाजार

ही शिध्याची अट का आली हे पाहण्यासारखं आहे, कारण तिनं डॉसनचं बाजारगणित उलटं केलं.

१८९७ च्या हिवाळ्यात गावात सोनं होतं, अन्न नव्हतं. सप्टेंबरच्या अखेरीस अलास्का कमर्शियल कंपनीचा माणूस होडीतून प्रवाहाविरुद्ध येऊन सांगून गेला की नदी आटलीय, बोटी फोर्ट युकॉनच्या वर येऊ शकत नाहीत. कॉन्स्टंटाइननी नोटीस लावली, ज्याच्याकडे शिधा नाही त्यानं गाव सोडावं. शेकडो लोकांना बोटीनं खाली पाठवलं. उरलेल्यांनी पिठाला पहारा बसवून हिवाळा काढला. हिरवं काही पोटात नाही म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या.

अमेरिकी सरकारला हे कळलं डिसेंबरात. त्यांनी दोन लाख डॉलर मंजूर केले आणि नॉर्वेतून पाचशेहून जास्त रेनडिअर, त्यांचे सामी गुराखी आणि त्यांची कुटुंबं मागवली. बोटीनं न्यूयॉर्क, रेल्वेनं सिएटल, पुन्हा बोट, मग पायी. वाटेत चारा संपला, बहुतेक जनावरं मेली. शंभराहून थोडी जास्त युकॉनकाठी पोचली तेव्हा १८९९ चा जानेवारी उजाडला होता आणि डॉसनमध्ये खाण्याची ददात कधीच मिटली होती. बैल गेला आणि झोपा केला.

कारण १८९८ च्या जूनमध्ये आलेला प्रत्येक जण वर्षभराचं धान्य घेऊन आला होता. पोलिसांना हवं होतं की नवी तोंडं उपाशी मरू नयेत. झालं असं की प्रत्येक नवं तोंड आपल्यासोबत एक दुकानही घेऊन आलं. होडी काठाला लावून माणूस दोन-तीन दिवस ओढ्यांवर फिरून येई, सगळीकडे खुणेच्या काठ्या बघे, आणि फ्रंट स्ट्रीटवर आपलं पीठ, डाळ, घोंगडी, बंदूक मांडून बसे. परतीच्या भाड्यापुरते पैसे झाले की बास. आदल्या हिवाळ्यात ज्या पिठावर पहारा होता ते आता पडत्या भावानं जात होतं. काहींनी तर ओढ्याकडे फिरकूनही पाहिलं नाही. नुसते रस्त्यावर भटकले, एवढं सोसून पोचलो यातच धन्य झाले, आणि गेले.

जे राहिले त्यांना काम हवं होतं. दुसऱ्याच्या क्लेमवर रोजंदारी, गिरणीत हमाली, हॉटेलात भांडी, कपडे धुणं, पाणी विकणं, पत्रं पोचवणं. शहर वाढतं ते अशा लोकांनी. सोन्याचा मालक ओढ्यावर चिखलात होता. गावात होते त्याच्या सोन्याची वाट पाहणारे.

बेलिंडाचा भुसा

ही गोष्ट ज्यांना फार लवकर कळली त्यात बेलिंडा मलरूनी अव्वल. आयर्लंडमध्ये जन्मलेली, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या गावात वाढलेली ही बाई १८९७ मध्ये डॉसनला उतरली. खिशातलं शेवटचं नाणं तिनं युकॉनमध्ये भिरकावलं म्हणे, यापुढे चिल्लरीची गरज नाही म्हणून. सोबत आणलेलं कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या तिनं सहापट भावानं विकल्या. पण तिची खरी चाल पुढची. गावात दुकानं खंडीभर, म्हणून ती गाव सोडून बोनान्झा आणि एल्डोराडो मिळतात त्या चिखलात गेली आणि तिथे लाकडी दुमजली खानावळ बांधली. लोक हसले. थोड्याच दिवसांत तिच्याभोवती ग्रँड फोर्क्स नावाचं गाव उभं राहिलं.

व्यवहार सोन्याच्या भुकटीत चाले. औंसाला १६ डॉलर धरून प्रत्येक गल्ल्यावर तराजू. तोलताना सांडे, खिशातून गळे, बुटांच्या तळव्यांतून पडे. मलरूनी जमिनीवरचा लाकडाचा भुसा रोज झाडून गोळा करी आणि धुऊन त्यातलं सोनं काढी. सराफ कट्ट्यावरची धूळ झाडून पोट भरणारे झारेकरी आपल्याला माहीत आहेत. ही बाई झारेकरी होती आणि सराफही तीच. १८९८ च्या जुलैत तिनं डॉसनमध्ये फेअरव्ह्यू हॉटेल उघडलं. झुंबरं, चांदीची भांडी, पलंगाला पितळी कठडे, सगळं खिंडीवरून आणलेलं. भिंती मात्र आतून कापडाच्या, एका खोलीतली कुजबुज तिसऱ्या खोलीत ऐकू जाई.

पिस्तूल नसलेलं गाव

सोन्याच्या गावात रोज गोळीबार होतो ही समजूत डॉसनला लागू नाही. जुगार चालू, दारू चालू, वेश्यावस्ती चालू, पण पोलिसांनी गावात पिस्तूल बाळगायला बंदी केली होती आणि शनिवारी मध्यरात्री सगळे अड्डे बंद होत ते सोमवारपर्यंत. रविवारी काम करणंही गुन्हा. किरकोळ गुन्ह्याला शिक्षा म्हणजे सरकारी भट्ट्यांसाठी लाकडं फोडणं. एवढ्या गर्दीचा कारभार सुपरिंटेंडेंट सॅम स्टील यांनी मूठभर शिपायांवर हाकला. हे सगळं कौतुकाचं आहेच, पण त्यामागे ओटावातल्या कॅनडा सरकारला वाटणारी धास्तीही होती. गावातले बहुसंख्य लोक अमेरिकी, आणि अलास्काची सरहद्द हाकेच्या अंतरावर. १३ जून १८९८ ला युकॉन हा स्वतंत्र प्रदेश करून डॉसनला राजधानी केलं ते याच हिशेबानं.

सोन्यावरची रॉयल्टी, म्हणजे सरकारला द्यायचा वाटा, आणि नोंदणीची कचेरी हे मात्र लोकांच्या रागाचे विषय. मालकी बदलल्यावर नोंद करायची, नव्या ओढ्यावर क्लेम लावायचा, सगळ्याला एकच कार्यालय. उणे तीस-चाळीसमध्ये दिवसचे दिवस रांगा. पैसे चारणाऱ्याला बाजूच्या दारानं आत घेतात ही तक्रार इतकी वाढली की १८९९ मध्ये रीतसर चौकशी बसली.

आणि घाण. गोठलेल्या जमिनीत सांडपाणी मुरत नाही. मैला, कचरा, मेलेली कुत्री, सगळं बर्फ वितळला की वर येई आणि तेच पाणी लोक पीत. १८९८ च्या उन्हाळ्यात टायफॉईड पसरला. फादर विल्यम जज या जेझुइट धर्मगुरूंनी बांधलेल्या सेंट मेरी हॉस्पिटलात खाटांमधल्या जागेतही रुग्ण झोपवले होते. फादर जज स्वतः दिसायला काटकुळे, म्हातारे वाटत. वय पन्नाशीच्या आतच. जानेवारी १८९९ मध्ये न्यूमोनियानं ते गेले आणि एरवी कशासाठी न थांबणारं गाव त्या दिवशी थांबलं.

२६ एप्रिल १८९९

लाकडाची घरं, कापडाच्या भिंती, प्रत्येक खोलीत शेगडी. आगी आधीही दोनदा लागल्या होत्या. त्यानंतर वाफेचा बंब आणला, पण तो चालवणाऱ्यांना पगार किती द्यायचा यावर तंटा झाला आणि एप्रिलच्या त्या रात्री बंबवाले संपावर होते. बंबाचा बॉयलर थंड. नदीच्या बर्फाला भोक पाडून पाणी घ्यायचा प्रयत्न झाला, ते पाइपातच गोठलं. ११७ इमारती जळाल्या, नुकसान दहा लाख डॉलरच्या वर. आगीत एका बँकेची तिजोरी फुटली आणि भुकटी, गोळे, दागिने वितळून राखेत मिसळले. मला या प्रसंगात आगीपेक्षा तो पगाराचा तंटा जास्त बोलका वाटतो. औंसानं सोनं मोजणाऱ्या गावाला चार बंबवाले परवडेनात, कारण इथे कायमचं राहायचंय असं मनातून कुणालाच वाटत नव्हतं.

तरी गाव पुन्हा बांधलं, आणि आधीपेक्षा नीट. गटारं, खडीचे रस्ते, टेलिफोन, विजेचे दिवे. जुलैत अ‍ॅरिझोना चार्ली मेडोजनं मोडीत काढलेल्या दोन आगबोटींचं लाकूड वापरून पॅलेस ग्रँड थिएटर उभं केलं. त्याच सुमाराला खालून खबर आली, अलास्काच्या नोम इथे समुद्राच्या वाळूतच सोनं पडलंय. ऑगस्टमध्ये आठवडाभरात आठ हजार लोक डॉसन सोडून गेले. ज्यांना इथे काही मिळालं नव्हतं त्यांना बांधून ठेवणारंही काही नव्हतं.

गंमत अशी की सोन्याचं उत्पादन तेव्हा वाढतच होतं. १९०० साल सर्वोच्च, २.२ कोटी डॉलरचं सोनं. गर्दी गेली आणि मग सोनं आलं. १९०१ च्या जनगणनेत नऊ हजारांवर लोक मोजले गेले, १९२१ मध्ये हजाराच्या आत. ओढे आता मोठ्या कंपन्यांच्या हाती. वाफेचे नळ आणि नंतर नदी चघळत जाणारी अजस्र ड्रेजर यंत्रं शंभर माणसांचं काम दहात करू लागली. राजधानी म्हणून पोस्ट, कोर्ट, कचेऱ्या होत्या, त्यांच्या पगारावर गाव तगलं. तीही १९५३ मध्ये व्हाइटहॉर्सला गेली. आज तिथे दीडएक हजार लोक राहतात.

लड्यू १८९७ च्या उन्हाळ्यातच बाहेर पडला होता. न्यूयॉर्क राज्यात ॲना मेसन त्याची वाट पाहत होती. तो गरीब म्हणून तिच्या घरच्यांनी इतकी वर्षं लग्न अडवलेलं. आता कुणी अडवलं नाही. १९०१ मध्ये क्षयानं तो गेला. अलेक्स मॅकडोनाल्ड १९०९ मध्ये एका लांबच्या ओढ्यावर, एकट्याच्या खोपटात, जवळजवळ निर्धन मेला. स्वतःला नको असलेला क्लेमही तो विकत घ्यायचा थांबला नव्हता.

लड्यूनं विकलेली जमीन अजून वितळते. इमारत तापवली की खालची गोठलेली माती मऊ होते आणि एक कोपरा खाली जातो. थर्ड अव्हेन्यूवर १९०१ च्या सुमाराच्या इमारती एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या आहेत. नवी घरं खडीच्या थरावर, जॅक लावून बांधतात, म्हणजे दरवर्षी समतल करता येतात.

आणि ती जमीन रिकामीही नव्हती. क्लोंडाइक हे नावच इथल्या हान या मूळनिवासी लोकांच्या ‘त्रोंडेक’चा अपभ्रंश. सॅमन अडवायला नदीत मेखा ठोकत, त्या हातोड्याच्या दगडावरून पडलेलं. संगमाच्या पलीकडच्या काठावर त्रोचेक ही त्यांची मासेमारीची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. वर्षभरात तिथे सोनेवाल्यांच्या झोपड्या झाल्या आणि लोक तिला ‘लाउसटाउन’, उवांचं गाव, म्हणू लागले. चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन पाचेक किलोमीटर खाली मूसहाइडला गेले. या लोंढ्यात आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखलं, आणि ती अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. १९९८ मध्ये त्रोंडेक ह्वेचिन, म्हणजे याच लोकांच्या वंशजांचा, सरकारशी जमिनीचा अंतिम करार झाला, त्यात त्रोचेक परत आलं. मूसहाइडला दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात मेळावा भरतो. अलास्काहून पाहुणे होड्यांतून येतात, आणि ती गाणी तिथे म्हटली जातात.